आमची सकाळ तेवढी सोडा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात मागच्या आठवड्यात एका काकांचं पत्र वाचलं. मुलाकडे लंडनला हिवाळाभर राहून आलेत, आणि तिथं दुपारी चारला अंधार पडतो, माणसं घरात कोंडून पडतात, वर्षातून दोनदा घड्याळं मागेपुढे करायचा हा काय खुळेपणा, त्यापेक्षा उन्हाळ्याचाच, म्हणजे एक तास पुढचा, टाइम बारा महिने ठेवा की, संध्याकाळी तासभर उजेड तरी मिळेल, असं त्यांचं म्हणणं. वर जाता जाता भारतानेही असलं काहीतरी करून बघावं अशी एक पुडी सोडून दिलीये. काकांचा वैताग मला शंभर टक्के मान्य, उपाय मात्र अजिबात मान्य नाही, आणि तो का नाही हे लंडनमध्ये बसून कळत नाही म्हणून हे पत्र स्कॉटलंडमधून. जरा लांबणार आहे, कापलंत तरी चालेल, फक्त शाळेच्या पोरांचा मुद्दा कापू नका.

मी मूळची सांगलीची, राहते ॲबर्डीनला. नवरा तेलाच्या कंपनीत, समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर ड्युटी असते, आणि मी इथल्या एका केमिस्टच्या दुकानात औषधं काढून द्यायचं काम करते. मुंबई साधारण १९ अंश उत्तरेला आहे, लंडन साडेएकावन्न, आणि आम्ही ५७. आता याचा अर्थ काय तर २१ डिसेंबरला लंडनमध्ये सूर्य आठच्या सुमारास उगवतो आणि चारला पाच-सात मिनिटं कमी असताना मावळतो. आमच्याकडे उगवतो पावणेनऊला आणि साडेतीनच्या आत गुडुप! पावणेसात तासांचासुद्धा दिवस नाही. वर शेटलंड बेटांवर तर सहा तासही भरत नाहीत. बरं एवढ्या वेळात तो डोक्यावर येईल म्हणाल तर तेही नाही, भर दुपारी क्षितिजापासून दहा अंशांच्या आतच लोळत असतो, गाडी चालवताना सरळ डोळ्यात.

तर काका, पहिली गोष्ट, चारचा अंधार घड्याळानं पाडलेला नाही. बऱ्याच लोकांचा हाच समज असतो, इथल्या गोऱ्या लोकांचासुद्धा, की ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे दोनचा एक केला आणि म्हणून अंधार आला. उलट आहे. हिवाळ्याचा टाइम हाच खरा, ग्रिनिचचा, बाराच्या सुमारास सूर्य दिवसातल्या त्याच्या सगळ्यात उंच जागी असतो तो. उन्हाळ्यात मार्चअखेर एक तास पुढे ढकलतात तो बनावट. म्हणजे ऑक्टोबरात आपण काही करत नाही, केलेलं परत करतो. दिवसच आखूड झालाय, त्याला तुमचं घड्याळ काय करणार? संध्याकाळी तास वाढवलात तर तो सकाळचाच कापून आणायचा, तिसरीकडून कुठून येत नाही.

आणि सकाळचा कापायचा म्हणजे कोणाचा, ते बघा. इथं प्रायमरी शाळा नऊला भरते. डिसेंबरात पोरं साडेआठनंतर घरातून निघतात तेव्हा नुकतं झुंजुमुंजू झालेलं असतं, फुटपाथवर ब्लॅक आइस, म्हणजे बर्फाचा इतका पातळ थर की दिसतच नाही आणि पाय मात्र सटकतो, गाड्याही सटकतात. कोपऱ्यावर लॉलीपॉप लेडी उभी असते, हातात उंच दांड्याची गोल पाटी, अंगात पिवळाजर्द कोट, ती गाड्या थांबवून पोरांना पलीकडे सोडते. सव्वातीनला शाळा सुटते तेव्हा दिवेलागण व्हायला आलेली असते. म्हणजे आज जाताना थोडा उजेड आणि येताना थोडा उजेड, दोन्हीकडे कसंबसं का होईना दिसतं. काकांचा टाइम लावला तर सूर्य पावणेदहाला उगवणार. पोरं जाताना गच्च काळोख, पहिला तास संपत आला तरी सूर्याचा पत्ता नाही, आणि त्या बदल्यात संध्याकाळी उजेड कुठवर तर साडेचारपर्यंत. ऑफिसातून पाचला सुटणाऱ्याला तोही दिसणार नाही! लंडनवाल्याला चार ते पाच मिळेल, बागेत एक फेरी होईल त्याची, चांगलंय, पण त्याची किंमत आम्ही का द्यायची.

हे मी नुसतं मनानं रचून सांगत नाहीये, या देशाने हा प्रयोग करून झालाय. फेब्रुवारी १९६८ मध्ये घड्याळं पुढे केली ती ऑक्टोबर १९७१ पर्यंत मागे आणलीच नाहीत, सलग तीन हिवाळे उन्हाळ्याच्या टाइमवर काढले. स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला सूर्य दहाच्या आसपास उगवायचा. शाळेच्या पोरांना हातावर बांधायला चमकणाऱ्या पट्ट्या दिल्या होत्या, गाडीच्या दिव्यात दिसाव्यात म्हणून. आमच्या दुकानात येणाऱ्या साठी-पासष्टीच्या बायकांना त्या पट्ट्या अजून आठवतात, विषय काढला की सुरूच होतात. शेतकरी, गवंडी, दूधवाले, पोस्टमन, सकाळी बाहेर काम करणारे सगळे वैतागले आणि डिसेंबर १९७० मध्ये पार्लमेंटात मतदान झालं, ३६६ विरुद्ध ८१, प्रयोग बंद. इतकं एकतर्फी मतदान या लोकांचं सहसा कशावर होत नाही हो.

काकांच्या बाजूचाही एक खरा मुद्दा आहे आणि त्यांनी तो मांडलेला नाही म्हणून मीच मांडते. त्या तीन वर्षांचे रस्त्यावरच्या अपघातांचे आकडे नंतर तपासले तेव्हा सकाळचे अपघात वाढलेले आणि संध्याकाळचे त्याहून जास्त कमी झालेले निघाले, म्हणजे बेरीज केली तर फायदाच. अपघात टाळण्यासाठी काम करणारी रोस्पा नावाची इथली जुनी संस्था हेच सांगत संध्याकाळच्या उजेडाची मागणी कित्येक वर्षं करतेय. पण १९६७ च्या ऑक्टोबरातच दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांना पकडायला फुंकायची नळी आली होती, त्यामुळे रात्रीचे अपघात तसेही घटले, त्यात घड्याळाचं श्रेय किती आणि नळीचं किती यावर तेव्हापासून वाद चालूये. आणि समजा बेरीज खरी जरी धरली, तरी देशभर एकूण आकडा कमी होतोय ना मग तुमच्या भागातल्या पोरांचा धोका वाढला तर वाढू दे, असं कुठल्या आईबापाला पटवणार? मला तरी नाही पटत.

या सगळ्याची सुरुवात कोणी केली माहितीये का, विल्यम विलेट नावाच्या लंडनच्या एका बिल्डरने. पहाटे घोड्यावरून रपेट मारायला जायचा तर आजूबाजूच्या घरांचे पडदे अजून ओढलेले, लोक झोपलेले, एवढा उजेड फुकट चाललाय म्हणून याचा जीव जळायचा. शिवाय गोल्फ खेळायचा आणि संध्याकाळी अंधारामुळे डाव अर्धा सोडावा लागायचा, हे जास्त खरं कारण असावं असा मला दाट संशय आहे. १९०७ मध्ये त्याने स्वखर्चाने पत्रक छापून वाटलं. त्याची योजना तर आणखी भारी होती, एप्रिलच्या चार रविवारी वीस-वीस मिनिटं पुढे आणि सप्टेंबरात तशीच चार वेळा मागे. म्हणजे वर्षातून आठ वेळा मायक्रोवेव्हचं घड्याळ लावत बसा! लोक हसले, पार्लमेंटने बिलं पाडली, आणि बिचारा १९१५ मध्ये गेला. पुढच्याच वर्षी, महायुद्धात कोळसा वाचवायला जर्मनीने ३० एप्रिलला घड्याळं पुढे केली आणि तीन आठवड्यांत, २१ मे १९१६ ला, ब्रिटननेही केली. पण नीट बघा, विलेटला उन्हाळ्यातला पहाटेचा वाया जाणारा उजेड संध्याकाळी न्यायचा होता. हिवाळ्यात पहाटे उजेड वाया जायला मुळात असतो कुठे, जो न्यायचा?

आता दुकानातलं सांगते. ऑक्टोबर लागला की काउंटरवर व्हिटॅमिन डी पुढे आणून ठेवतो. सरकारचाच सल्ला आहे की शरद आणि हिवाळ्यात सगळ्यांनी रोज १० मायक्रोग्रॅम घ्यावं, आणि आपल्यासारख्या सावळ्या लोकांनी तर बारा महिने घ्यायचा विचार करावा. आपले नवीन आलेले लोक मात्र ‘आम्ही रोज दूध पितो की’ म्हणून निघून जातात आणि फेब्रुवारीत गुडघे धरून परत येतात. हिवाळ्यात ज्यांना उदास वाटतं, उठवत नाही, त्यांच्यासाठी एक दिवा मिळतो, दहा हजार लक्सचा (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप), समोर ठेवून अर्धा तास बसायचं. तो दिवा केव्हा लावायचा असतो? सकाळी, उठल्या उठल्या. संध्याकाळी लावलात तर रात्री टक्क जागे राहाल. शरीराचं घड्याळ सकाळच्या उजेडावर लागतं, आणि म्हणूनच ब्रिटिश स्लीप सोसायटीने २०२४ मध्ये सांगून टाकलं की घड्याळ बदलणं बंद करायचं असेल तर जरूर करा, पण हिवाळ्याचाच टाइम कायम ठेवा. काकांना अंधाराने मरगळ आली ना, ती संध्याकाळच्या एका तासाने जाणार नव्हती, सकाळी नऊला बाहेर पडून चालले असते तर गेली असती कदाचित. पण सासरे-वडील मंडळी लंडनला आली की सकाळी हीटरशेजारी बसून मोबाईलवर मराठी बातम्या बघतात आणि दुपारी चारला ‘चला फिरायला’ म्हणतात, हे मी घरचंच सांगतेय.

घड्याळ बदलायचा त्रास नाही असं मी म्हणतच नाही, भरपूर आहे. पार्किन्सनच्या पेशंटला गोळी ठरल्या वेळेला लागते, थोडा उशीर झाला तरी हातपाय आखडतात, त्यामुळे बदलानंतरच्या सोमवारी दुकानाचा फोन खणखणत असतो की आता आठची गोळी जुन्या आठला द्यायची का नव्या. स्मृतिभ्रंश झालेल्या म्हाताऱ्या माणसांना तर कितीही समजावलं तरी त्यांचं पोट जुन्या वेळेलाच जेवायला मागतं. हॉस्पिटलात रात्रपाळीच्या नर्सला ऑक्टोबरात बारा तासांची ड्युटी तेरा तासांची पडते, मार्चमध्ये अकराची होते पण ती बरोबर तिच्याच वाट्याला येईल याची काय गॅरंटी. हे सगळं मान्य. पण हा त्रास आठवडाभराचा, आणि काळोखातली सकाळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

त्यामुळे माझं म्हणणं सरळ आहे. बदल बंद करायचा तर ग्रिनिचचा टाइम बारा महिने ठेवा. जूनमध्ये आमच्याकडे पहाटे सव्वाचारला उजाडतं ते सव्वातीनला उजाडेल, तसाही जाड पडदा लावूनच झोपतो. रात्री दहाला मावळणारा सूर्य नऊला मावळेल, पोरांना झोपवताना उलट बरं पडेल, ‘आई अजून ऊन आहे’ हे रोजचं भांडण तासभर आधी मिटेल. आणि हे जर लंडनवाल्यांना नको असेल, त्यांना उन्हाळ्यात बाहेर बसून जेवायला उशिरापर्यंत उजेड हवाच असेल, तर मग आहे तेच चालू द्या, वर्षातून दोनदा ओव्हनचं घड्याळ लावायची माझी तयारी आहे.

बदल बंद करा म्हणणं सोपं असतं हो, कुठला टाइम ठेवायचा तिथं घोडं अडतं. युरोपात २०१८ मध्ये लोकांना विचारलं, ४६ लाख उत्तरं आली, ८४ टक्के म्हणाले बंद करा. २०१९ मध्ये त्यांच्या पार्लमेंटने ४१० विरुद्ध १९२ मतांनी ठरवलं की २०२१ पासून बंद. झालं का? नाही, कारण देशादेशांत कुठला टाइम यावर जमेना. अमेरिकेने जानेवारी १९७४ मध्ये निक्सनच्या काळात पेट्रोलची टंचाई म्हणून उन्हाळ्याचा टाइम कायम केला, पोरं अंधारात शाळेला जायला लागली तसे लोक भडकले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात गुंडाळला. रशियाने २०११ मध्ये उन्हाळ्याचा कायम केला, २०१४ मध्ये सोडून हिवाळ्याचा धरला. म्हणजे काका सुचवताहेत ते ब्रिटन, अमेरिका आणि रशिया तिघांनीही करून पाहिलं आणि तिघेही परत फिरलेत.

इथं आणखी एक गोम आहे, टाइम ठरवायचा अधिकार स्कॉटलंडच्या पार्लमेंटकडे नाहीच, तो लंडनकडे राखून ठेवलेला. त्यामुळे दक्षिणेतल्या कोणा खासदाराला संध्याकाळचा उजेड आठवला की आमच्या पोटात गोळा येतो. २०१० ते २०१२ मध्ये असंच एक बिल आलं होतं, भाषणं लांबवून लांबवून ते मारलं, आणि त्यात जेकब रीस-मॉग या खासदाराने दुरुस्ती सुचवली की असं असेल तर आमच्या सॉमरसेटला लंडनच्या पंधरा मिनिटं मागचा वेगळा टाइम द्या! इथले लोक खूप हसले. मला नाही एवढं हसू आलं, कारण आपल्या मुंबईने हे प्रत्यक्षात केलंय. १ जानेवारी १९०६ ला इंग्रजांनी देशभर एक टाइम लावला तर मुंबईने ३९ मिनिटं मागचा आपला मुंबई टाइम सोडायला साफ नकार दिला, आणि महापालिकेने तो कुठपर्यंत चालवला तर १९५५ पर्यंत. इंग्रज गेले, राज्यघटना आली, पालिका आपली ३९ मिनिटं मागे! हट्ट म्हणा, पण त्यामागे गिरणीत पहाटे जाणाऱ्या माणसाची सकाळ होती, टाइम पुढे केला की त्याला आणखी अंधारात उठावं लागणार होतं. आज मी जे म्हणतेय त्याहून फार वेगळं नाही ते.

आणि भारताने हे करावं का, तर काका, भारताने करून झालंय. दुसऱ्या महायुद्धात १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत देशभर घड्याळं एक तास पुढे होती. युद्ध संपलं तसं बंद केलं, कारण गरजच नाही. मुंबईत सगळ्यात लहान दिवस अकरा तासांचा आणि सगळ्यात मोठा सव्वातेराचा, फरक सव्वादोन तासांचा. ॲबर्डीनमध्ये हाच फरक अकरा तासांहून जास्त आहे. ईशान्येकडच्या लोकांची तक्रार खरी आहे, तिकडे जूनमध्ये चारच्या सुमारास उजाडतं आणि आसामच्या मळ्यांत त्यामुळे एक तास पुढचा बागान टाइम चालतो, पण तो प्रश्न पूर्व-पश्चिमेचा, वेगळा टाइम झोन द्या न द्या, त्याचा या घड्याळ हलवण्याशी संबंध नाही.

तसं आपण भारतात घड्याळ हलवत नाही म्हणायला, पण हलतोच की. माझा भाचा हिंजवडीत यूके शिफ्टला आहे, मार्चअखेरच्या सोमवारी त्याची कॅब एक तास आधी येते, इकडे लंडनमध्ये कोणीतरी घड्याळ पुढे केलं म्हणून पुण्यात हा जेवण अर्धवट टाकून पळतो. अमेरिकेचं क्लायंट असेल तर आणखी गंमत, त्यांचं घड्याळ मार्चच्या दुसऱ्याच रविवारी पुढे जातं, त्यामुळे मधले दोन-तीन आठवडे कुणाची मीटिंग कधी हे कोणालाच धड माहीत नसतं. सांगलीला आईचंही तसंच. हिवाळ्यात पोरं शाळेतून घरी आली की साडेतीनला फोन लावते, तिकडे नऊ वाजलेले, जेवणं झालेली, निवांत बोलते. उन्हाळ्यात त्याच साडेतीनला तिकडे आठ, म्हणजे सिरियल! ‘तुमचं परत हललं का गं?’ एवढं विचारते आणि ‘नंतर कर’ म्हणून ठेवून देते. संकष्टीचं तर विचारूच नका, एप्रिलमध्ये इथला चंद्रोदय मध्यरात्र उलटून जातो, त्यात तो तास पुढे ढकललेला, उपवास सोडायचा की पुढच्या दिवसाचा नाश्ता करायचा. आमच्या घरी सांगलीचा चंद्रोदय धरतात, बाप्पा समजून घेतो असा सासूबाईंचा निकाल आहे. २०१९ मध्ये लक्ष्मीपूजन आणि घड्याळ मागे जाणं एकाच रविवारी आलं होतं, २७ ऑक्टोबरला, तेव्हा मुहूर्त जुन्या टाइमने लिहिलाय की नव्या यावर आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जी जुंपली ती भाऊबीजेपर्यंत चालली.

शेवटी तुमच्याकडे एक छोटी मागणी. पेपरात पंचांग, सूर्योदय-सूर्यास्त रोज छापता, तर मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, आणि अमेरिकेसाठी मार्चचा दुसरा आणि नोव्हेंबरचा पहिला रविवार, पहिल्या पानावर कोपऱ्यात एवढीशी चौकट टाका की आजपासून लंडन साडेपाच तास मागे किंवा साडेचार, न्यूयॉर्क साडेदहा किंवा साडेनऊ. आमच्या आयांना पहाटे चारला आम्हाला उठवण्यापासून वाचवाल.

कळावे, आपली एक वाचक,
ॲबर्डीन, स्कॉटलंड